अक्कांचा कोरा चहा आणि पायरीवरचं ऊन

अक्कांनी उभ्या आयुष्यात कुणाला दुधाचा चहा पाजला नाही. आमच्या भागात ही साधी गोष्ट नाही. उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं आमचं गाव. तिथं पाहुण्यापुढं कोरा चहा ठेवला तर तो कप तसाच ठेवून उठायचा. घरात दूध नसलं तर बाई मागच्या दारानं वाटी घेऊन शेजारी जाईल, पण कोरा चहा पुढं करणार नाही. कोरा चहा फक्त मातीच्या घरचा. माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, मग शेजारचे लोक किटलीत बिनदुधाचा चहा करून आणतात आणि तो कुणी नको म्हणत नाही. त्यामुळं अक्कांचा चहा पहिल्यांदा हातात पडला की नवखं माणूस दचकायचं. एकदा एका गृहस्थानं कप खाली ठेवून विचारलं होतं, "आमचं कोन गेलंय म्हनून ह्यो चहा दिला बाई?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "कुनी न्हाय गेलं. जाऊ नये म्हनून दिलाय."

अक्का आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात कामाला होत्या. कागदावर 'अर्धवेळ स्त्री परिचर'. प्रत्यक्षात दार उघडण्यापासून ते रडणारं पोर खांद्यावर टाकून लस संपेपर्यंत व्हरांड्यात फिरवण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या. घरची भाषा कानडी, गावची मराठी, आणि बोलताना दोन्हींची सरमिसळ. बाई दारात आली की "बा यव्वा, कुंद्रु" म्हणायच्या, म्हणजे ये बाई, बस. पुढचं सगळं आपल्या मराठीत. वयानं लहान, मोठे, सिस्टर, सरपंच, सगळेच त्यांना अक्का म्हणायचे. त्यांचं खरं नाव काय, हे मला त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी सत्काराच्या फळ्यावर वाचून कळलं.

कोरा चहा का, हे मी त्यांना शाळेत असताना विचारलं होतं. त्या भांडी विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की मालक गेले तेव्हा दोन दिवस पोटात काही उतरत नव्हतं, पाणीसुद्धा घशात अडकायचं. शेजारणीनं आणलेला कोरा चहा तेवढा उतरला. "दुःखात ज्यानं धरलं, त्याला मागनं कशाला सोडायचं," एवढंच बोलल्या आणि परत विसळायला लागल्या.

त्यांची चहाची रीत ठरलेली होती. पाणी खळखळून उकळायचं, भांडं स्टोव्हवरून खाली घ्यायचं, मग पत्ती टाकायची आणि झाकण ठेवायचं. पाण्याबरोबर पत्ती उकळणाऱ्या बाईकडं त्या अशा बघायच्या की जणू तिनं भाकरी पाण्यात शिजवलीय. झाकण किती वेळ ठेवायचं, तर हातात झाडू घेऊन व्हरांडा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून व्हायला हवा. व्हरांडा झाला की चहा झाला. सिस्टर चेष्टेनं म्हणायच्या, आमचं उपकेंद्र एवढं स्वच्छ का, तर अक्कांना चहाची तलफ फार. गाळल्यावर त्या ग्लास उजेडात धरून बघायच्या. "विटंचा रंग पायजे, डांबराचा न्हाय." डांबराचा झाला तर त्यात गरम पाणी घालायच्या, पण तसा कुणाला द्यायच्या नाहीत.

या चहाचे गुण अक्कांच्या तोंडून ऐकावेत. डोकं चढलं, कोरा चहा. जुलाब लागले, कोरा चहा आणि चिमूटभर मीठ. डोळे सुजले तर गार झालेली पत्ती फडक्यात बांधून डोळ्यांवर. हायवेवरचा एखादा ट्रकवाला पाय कापला म्हणून पट्टी करायला आला तर त्यालाही पट्टीआधी चहा, म्हणजे पुढच्या वाटेला झापड येणार नाही. यातलं सगळंच खरं नव्हतं, हे मला आज कळतं. पण काही पक्कं खरं होतं. माझ्या वडिलांना, अण्णांना, साखरेचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरांनी घातलेली बंधनं त्यांनी आठ दिवसांत गुंडाळून ठेवली होती. दिवसाला पाच वेळा दुधाचा गोड चहा, तोही बशीतून. अक्कांनी त्यांना एक शब्द न सुनावता रोज सकाळी उपकेंद्राच्या कट्ट्यावर बोलावलं आणि बिनसाखरेचा कोरा चहा हातात दिला. पहिल्या दिवशी अण्णांनी तोंड असं केलं की अक्का हसून हसून खाली बसल्या. महिनाभरात अण्णांना दुधाचा चहा नुसता चिकट लागायला लागला. त्यांची साखर आटोक्यात आली त्यात गोळ्यांचा वाटा मोठा, पण पाच चहांची साखर सुटली ती अक्कांमुळं.

आणि पथ्यंही तेवढीच. उपाशीपोटी चहा मागितला की आधी भाकरीचा तुकडा हातावर ठेवायच्या, "नुस्ता प्यालास तर पोटात आग पडंल." दिवेलागणीनंतर चहा नाही, झोप मोडते. पोरांना नाही. सकाळचा उरलेला दुपारी तापवून नाही. तोंड भाजेल इतका गरम नाही. हे सगळं त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, स्वतःच्या पोटावर आणि झोपेवर शिकलेल्या. पण एक पथ्य त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेच सगळ्यात मोठं निघालं.

मंगळवार हा उपकेंद्रात गरोदर बायांचा दिवस. सिस्टर तपासायच्या, वजन घ्यायच्या आणि रक्तवाढीच्या लाल गोळ्या द्यायच्या. बाया गोळ्या घ्यायच्या आणि परत जाताना नालीत टाकायच्या. त्या गोळीनं मळमळतं, तोंडाला लोखंडाची चव येते, शौचाला काळं होतं, आणि पोर काळं निपजतं अशी एक अफवाही होती. एका मंगळवारी नाली काढताना अक्कांना गोळ्यांचा गाळ सापडला. त्यांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. पुढच्या मंगळवारपासून गोळी तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर गिळायची आणि घरी रोजची गोळीही तशीच घ्यायची. कशाबरोबर, तर गूळ घातलेल्या कोऱ्या चहाबरोबर. चहानं गोळीची चव मारली जायची, मळमळ थांबायची. शिवाय अक्कांचा हिशेब सरळ होता, लाल पाणी पोटात गेलं की लाल रक्त होणारच. नाली स्वच्छ झाली. एकही गोळी वाया जाईना. सिस्टरही खूश. गावातल्या घराघरांत सकाळी गोळी आणि कोरा चहा सुरू झाला, आणि कोऱ्या चहाला नाक मुरडणाऱ्या सासवा सुनांसाठी तो स्वतः करायला लागल्या.

माझी वहिनी तेव्हा पाच महिन्यांची होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की वाढलं नाही तर बाळंतपण इथं करणार नाही, सोलापूरला न्या आणि रक्त देणारी माणसं तयार ठेवा. वहिनी रोज नेमानं गोळी घ्यायची, चहाबरोबर. महिन्यानं रक्त आठच. दीड महिन्यानं तेच. माझी आई मनानं वाईट नाही, पण भ्यायली की तिची जीभ सुटते. तिनं ठरवून टाकलं की सून गोळ्या फेकते. वहिनी देवावर हात ठेवून सांगायची, मी फेकत नाही. आई म्हणायची, मग गोळी जाते कुठं. एक दिवस आईनं उकिरडा उकरून बघितला. वहिनी ते दारातून बघत होती. त्या दिवसापासून गोळी गिळली की आईपुढं जाऊन तोंड उघडून दाखवायची. मला ते आजही आठवलं की लाज वाटते.

मी तेव्हा उमरग्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली पहिली मीच, आणि याचा मला अभिमान होता, आजही आहे. एसटीनं जाऊन येऊन शिकले, कुणाच्या ओळखीनं नाही. त्या आठवड्यात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला सरांनी परीक्षानळीत बिनदुधाचा चहा घेतला आणि त्यात लोहाच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. विटेच्या रंगाचा चहा बघता बघता शाईसारखा काळा झाला. सर म्हणाले की चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आणि असंच पोटातही होतं. मग ते लोह अंगाला लागत नाही, म्हणून लोहाच्या गोळीच्या आसपास चहा घेऊ नये. बाकीच्या मुली वहीत रंग लिहून घेत होत्या. मला वहिनीचं उघडं तोंड दिसत होतं.

मंगळवारी मी कॉलेज बुडवलं आणि उपकेंद्रात गेले. व्हरांड्यात दहा-बारा बाया बसलेल्या, वहिनीही त्यात. अक्का किटलीतून ग्लास भरत होत्या. मी एक गोळी मागून घेतली, कागदात ठेवून ग्लासच्या बुडानं कुटली आणि सगळ्यांना दिसेल असा एक ग्लास मधोमध ठेवून त्यात टाकली. ढवळलं. चहा आधी गढूळला, मग काळपट होत गेला. मी शिकवल्यासारखं सगळं समजावून सांगितलं, टॅनिनसकट. शेवटी म्हणाले, "अक्का, तुम्ही गोळीवर गोळी वाया घालवलीत. ह्यांच्या अंगाला काहीच लागेना." आवाजही मोठा लावला होता.

अक्कांनी तो ग्लास उचलून नेहमीसारखा उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग विचारलं, "किती दिवस झालं गं ह्ये?" कुणाला विचारलं कळेना. सिस्टरनी हळूच सांगितलं, गेल्या पावसाळ्यापासून. अक्कांनी किटली उचलली, मागं जाऊन नालीत ओतली आणि झाडू घेऊन व्हरांडा झाडायला लागल्या. त्या दिवशी व्हरांडा दोनदा झाडून झाला, पण झाकणाखाली काही नव्हतं.

मला वाटलं होतं मी जिंकले. घरी येताना वहिनी सोबत होती. एवढंच म्हणाली, "खरं होतं ते, पर तुमी त्यांना आत नेऊन सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या दारात उभ्या. मला म्हणाल्या, चप्पल घाल. त्यांना गावातल्या प्रत्येक अशा घरी जायचं होतं जिथं त्यांनी गोळी आणि चहा लावून दिला होता. बाळंत झालेल्या, होणाऱ्या, सगळ्या. मी सोबत कशाला, तर त्यांना टॅनिन शब्द आठवत नव्हता. पण पहिलं घर आमचंच. त्या माझ्या आईसमोर जमिनीवर बसल्या. वहिनी चुलीपाशी होती. अक्का म्हणाल्या, "सून खोटं बोलत नव्हती. माझा चहा खोटं बोलत हुता." आई पदर तोंडाला लावून आत गेली. थोड्या वेळानं तिनं वहिनीच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला पाटावर बसवलं. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

मग आम्ही गाव पालथं घातलं. प्रत्येक दारात अक्का तेच सांगायच्या, माझं चुकलं, आता गोळी चहाबरोबर घेऊ नका. एका म्हातारीनं टोमणा मारला, "आगं, तूच म्हनत हुतीस की लाल पान्यानं लाल रगत हुतं." अक्का म्हणाल्या, "व्हय, म्या म्हनत हुते. ही आपल्या गावची कॉलेजची पोरगी. हिनं दाखवलं." आणि मला पुढं ढकलायच्या. प्रत्येक घरी असं. चौथ्या-पाचव्या घरानंतर मला मान वर करवेना. साठीला आलेली बाई स्वतःची चूक दारोदार सांगत होती, आणि प्रत्येक दारात माझं नाव मोठं करत होती. त्या दिवशी अभ्यासाच्या बाहेरचं काहीतरी शिकले, पण ते काय, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

चहा बंद झाला नाही. तो अक्कांचा स्वभावच नव्हता. पुढच्या मंगळवारपासून गोळीबरोबर लिंबूपाणी आलं. सरांना विचारून मीच सांगितलं होतं की लिंबानं लोह अंगी लागायला मदत होते. चहा नंतर, दोनेक तासांनी, तोही फिका आणि एकच ग्लास, कारण पोटुशीला जास्त चहा बरा नाही असं सिस्टरनी बजावलं होतं. आता दोन तास मोजायचे कसे. अक्कांना घड्याळ बघायचं ठाऊक नव्हतं आणि त्याची त्यांना गरजही वाटली नाही. उपकेंद्राचं दार मावळतीकडं. सकाळी पायऱ्यांवर इमारतीचीच सावली असायची आणि ऊन खालून वर चढत यायचं. गोळी सकाळीच घ्यायची, आणि ऊन वरच्या पायरीवर आलं की चहा. बाया तिथंच बसून राहायच्या, गप्पा मारत, ऊन बघत. ढगाळ दिवशी हैदराबादकडं जाणाऱ्या एसटीवर हवाला. गाडीला उशीर झाला की बाया कुरकुरायच्या, "अक्का, ड्रायव्हरला चहा पाजा की आधी." घराघरांतही तसंच सुरू झालं. प्रत्येकीनं आपापल्या दारातली एखादी खूण धरली.

वहिनीचं रक्त पुढच्या दोन महिन्यांत दहाच्या वर गेलं. नुसत्या चहाच्या वेळेनं झालं असं मी म्हणणार नाही. मेथी, शेवगा, गूळ-शेंगदाणे आणि आईनं पाटावर बसवून घातलेलं जेवण, सगळ्याचा वाटा त्यात आहे. सोलापूर टळलं. उमरग्यालाच मुलगी झाली. भाग्यश्री. अक्का बघायला गेल्या तेव्हा पोरीचे तळवे उलटेपालटे करून बघत होत्या, गुलाबी आहेत का ते. मग म्हणाल्या, "हाय. लागलं अंगाला."

मी पुढं एम.एस्सी. केलं, लग्न झालं, धाराशिवला कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी मुलांना तो चहा आणि लोहाचा प्रयोग दाखवते. दाखवताना आवाज मोठा करत नाही.

गेल्या वर्षी मी दुसऱ्यांदा सातव्या महिन्यात होते तेव्हा गावी गेले आणि अक्कांना भेटायला गेले. त्या बऱ्याच थकल्या होत्या. पित्त वाढल्यानं डॉक्टरांनी त्यांनाही दिवसाला एकच कप ठरवून दिला होता, आणि तो एक कप त्या सोबत कुणी येईपर्यंत राखून ठेवायच्या. मी नको म्हणत असताना भिंतीला धरून उठल्या, दोन ग्लास केले. माझ्या हातात देता देता थांबल्या. "गोळी कवा घेतलीस?" मी सांगितलं, निघताना, आत्ताच. त्यांनी माझ्या ग्लासवर बशी ठेवली. मग स्वतःच्याही ग्लासवर ठेवली. "कुंद्रु," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी दारातल्या पायरीकडं बघत बसलो.

ऊन यायला वेळ होता. इतकी वर्षं जे तोंडात अडकून होतं ते मी तेव्हा बोलले. "अक्का, त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं सांगायला नको होतं मी."

त्या ग्लासवरची बशी नीट करत म्हणाल्या, "न्हाय. एकटीला सांगितलं असतंस तर म्या लपवलं असतं. गुपचूप चहा बंद केला असता आन् मागच्या बायांना सांगायला गेले नसते. मानूस हाय म्या पन." मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "पर पुढच्या खेपंला आधी चहा पी, मग सांग."

ऊन पायरीवर आलं तेव्हा चहा पार गार झाला होता. आम्ही तो तसाच प्यालो. विटेचा रंग होता, मी उजेडात धरून बघितला.

मी बाळंतीण असताना अक्का गेल्या. मला जाता आलं नाही. वहिनीनं फोनवर सगळं सांगितलं. गाव लोटलं होतं. मातीहून आल्यावर शेजारच्यांनी किटल्या भरून कोरा चहा आणला, आणि जो तो न बोलता प्याला, जसा पितात. भाग्यश्री आता अकरा वर्षांची आहे, तपासणीत रक्त कमी निघाल्यानं तिला गोळी सुरू होती आणि ती नुकतीच घेतलेली. तिच्या हातातही कुणीतरी ग्लास दिला. मातीच्या घरचा चहा कुणी नाकारत नाही, म्हणून वहिनी तिला पी म्हणून खुणावत होती. पोरीनं इकडंतिकडं बघून एक बशी शोधली, ग्लासवर झाकली आणि अक्कांच्या दारात जाऊन बसली.

"कुनी सांगितलं न्हाय तिला," वहिनी म्हणाली. "ऊन अजून पायरीच्या खालीच हुतं."